गणसंख्या नाही, अण्णा

अण्णा,

तुझा दुखवट्याचा ठराव परवा मंजूर झाला नाही. मीच होऊ दिला नाही.

हसू नकोस. इथे सगळं मराठी मंडळ माझ्यावर तोंड फिरवून बसलंय. कुलकर्णी सेक्रेटरी रोज माझ्या फाटकावरून जातात, पण परवापासून मान वर करत नाहीत. काल गांधी बाजारात मी वांगी निवडत होते, तर मागे दोघीजणींची कुजबुज, "सख्ख्या भावाचा ठराव, आणि सख्ख्या बहिणीने अडवला! जुनं काहीतरी असणार हो." मी वळून म्हणणार होते, असणार काय, आहेच. भांडण आहे आमचं. ऐन भांडणाच्या मध्यावर हा माणूस उठून निघून गेला, ही कुठली रीत? तूच सांगायचास ना, उत्तर ऐकल्याशिवाय सभागृह सोडू नये म्हणून?

पण क्रमाने सांगते. तुला मधूनच सुरू केलेलं चालत नाही.

तू पहिल्यांदा निवडून दिल्लीला गेलास, तेव्हा खासदार म्हणजे नक्की काय हे आपल्या घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. आपण निपाणीकडचे, बाबांच्या पोस्टातल्या नोकरीपायी बंगळूरला येऊन बसवनगुडीत भाड्याने राहिलेलो. गावाकडच्या लोकांनी तुझी वकिली पाहिली होती, त्यांनी तुला अपक्ष म्हणून उभं केलं आणि निवडूनही दिलं. आईला वाटायचं, तू तिकडे पंतप्रधानांच्या शेजारी बसून सल्ला देतोस. पहिल्या अधिवेशनाहून परतलास तेव्हा तिने विचारलं, "काय केलंस रे तिकडे?" तू म्हणालास, "चार वेळा उठलो." "आणि?" "चारही वेळा खाली बसवलं." आई म्हणाली, "अय्यो! मग एवढ्या लांब गेलास कशाला? बसायला इथे कट्टा नव्हता का?"

मग जेवता जेवता तू आम्हाला ते सगळं समजावून दिलंस. सभागृहाचं काम नियम सोडून चाललं असेल, तर कुणीही सभासद, अगदी मागच्या बाकावरचा एकटा अपक्षसुद्धा, मध्येच उठून 'हरकतीचा मुद्दा' असं म्हणू शकतो. मंत्री बोलत असला तरी त्याला थांबावं लागतं. अध्यक्षांना ते ऐकून घ्यावं लागतं आणि निर्णय द्यावा लागतो. पण जे आत्ता चाललंय त्यावरच बोलायचं. काल काय झालं ते आज उकरायचं नाही. भाषण तर मुळीच ठोकायचं नाही. आणि अध्यक्ष उभे राहिले की आपण बसायचं, अर्ध्या शब्दावर असलो तरी.

हा शेवटचा नियम आईला भलताच आवडला. आपण भांडायला लागलो की ती पोळपाटावरून उठायची आणि लाटणं हातात घेऊन म्हणायची, "मी उभी आहे. बसा सगळे." आणि तू, एवढा मोठा खासदार, खरोखरच बसायचास. वहिनी तेव्हा नवी नवी घरात आली होती. पहिल्यांदा तिला वाटलं, आपण वेड्यांच्या घरात पडलो. दोन महिन्यांत तीच म्हणायला लागली, "हरकतीचा मुद्दा, सासूबाई, ताक वाढायच्या आधी ह्यांनी भात संपवलाय."

मला मात्र त्यात गंमत वाटायची त्याहून जास्त नवल वाटायचं. मी तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, मॅट्रिक होऊन कारखान्यात लागलेली. मला माहीत होतं की जगात साहेब बोलतो तेव्हा आपण ऐकायचं असतं. आणि माझा भाऊ सांगत होता की या देशात एक खोली अशी आहे, जिथे शेवटच्या बाकावरचा माणूस उठला तर सगळ्या साहेबांना गप्प राहावं लागतं. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्या खोलीचा विचार करत राहायची.

तुला आठवतं ना, एकदा तू खरोखर सरकार थांबवलंस? पैशांच्या विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि त्या दिवशी ती जोडलेलीच नव्हती. मंत्र्यांचं भाषण अर्धं झालं होतं. तू उठलास, एक वाक्य बोललास आणि बसलास. अध्यक्षांनी कागद मागवले, चाळले, आणि मंत्र्यांना सांगितलं की आज हे पुढे जाऊ शकत नाही. पेपरात आलं होतं. बाबांनी तो पेपर सगळ्या गल्लीत फिरवला. शेजारचे रंगण्णा, ज्यांना मराठी जेमतेमच यायचं, तेही येऊन तुझा हात हातात धरून बसले, "स्वल्प सांगा, कसं थांबवलं?" तू म्हणालास, "थांबवलं कुठे? खिडकीतून घुसत होते, दारातून या म्हटलं. उद्या येतील दारातून." आणि आले. दुसऱ्या दिवशी शिफारशीसकट आले आणि विधेयक मंजूर करून घेऊन गेले. मी म्हटलं, मग उपयोग काय झाला? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसा काही मी तुला श्वास घेऊन उपयोग काय म्हणून विचारलं.

आता माझ्या भागाकडे येते.

रेडिओचे सुटे भाग करायचा आमचा कारखाना, आणि त्यात तारेची वेटोळी गुंडाळायच्या खात्यात आम्ही सगळ्या मुलीच. बोटं बारीक लागतात, नजर लागते. काम मला इतकं छान यायचं अण्णा, की तार बोटाखालून जाताना ती कुठे कच्ची आहे ते मला न बघता कळायचं. पण नियम असा, की लग्न झालं की राजीनामा. नोकरीवर घेतानाच तसं लिहून घ्यायचे. मग काय, ज्या मुलींना घर चालवायचं होतं त्या गुपचूप लग्न करायच्या आणि फाटकापाशी आल्या की मंगळसूत्र काढून डब्यात, पोळीच्या खाली. आमच्यातली एक मंगळसूत्र काढायला विसरली नाही, पण जोडवी काढायला विसरली. सुपरवायझरबाईंनी पायांकडे पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिची खुर्ची रिकामी.

माझं माधवशी ठरलं होतं. विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, शांत माणूस, वाट बघायला तयार. मी म्हटलं, मी जोडवी लपवणार नाही आणि नोकरीही सोडणार नाही. तू तेव्हा सुट्टीवर आला होतास, झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होतास. दिल्लीला गेलास आणि खासगी विधेयक मांडलंस की लग्न केलं म्हणून कुठल्याही बाईला कामावरून काढता येणार नाही. माझ्यासाठी, असं तू कधी म्हणाला नाहीस. पण कलमांचा मसुदा सगळ्यांत आधी मला वाचून दाखवलास, त्यावरून मला कळलं होतं.

खासगी विधेयकांना शुक्रवारची दुपार, आणि तीही चिठ्ठी निघाली तर. तुझी चिठ्ठी निघायला वर्षं गेली. वहिनी दर शुक्रवारी बनशंकरीला जाऊन लिंबाचे दिवे लावायची. तेव्हा बनशंकरी म्हणजे शेतांच्या पलीकडचं देऊळ, निम्मी वाट पायी. त्या देवीची पूजा राहुकाळात, म्हणजे ऐन अशुभ वेळी होते, म्हणून तू चिडवायचास, "हिच्यापुढे मुहूर्ताची हरकत चालत नाही. फार मोठ्या अधिकाराची बाई आहे." आणि एकदाची चिठ्ठी निघाली. मी रजा काढली आणि तुझ्याबरोबर आगगाडीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा दिल्ली.

अण्णा, ती गोल इमारत मी पाहिली आणि पायरीवरच थांबले. किती मोठी म्हणून नव्हे. मोठं तर आपलं विधानसौधही आहे. पण प्रेक्षकांच्या गॅलरीत मला बसवलं, 'बोलायचं नाही, टाळी नाही, पुढे वाकायचं नाही' असं बजावलं, आणि मी खाली पाहिलं. तीच खोली. जिच्यात शेवटचा माणूस उठला की सगळे गप्प होतात ती. आणि शेवटच्या बाकावर तू, आईने शिवलेला तो करड्या रंगाचा कोट घालून, नियमांचं पुस्तक मांडीवर. वर माझ्याकडे तू एकदाही पाहिलं नाहीस.

सभागृह जवळजवळ रिकामं होतं. कुणी परदेशी पाहुणा आला होता, सरकारी बाकांवरचे बरेचसे तिकडे गेले होते. अध्यक्षांच्या जागी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. तू बोललास. इंग्रजीत बोललास, पण मी ते मराठीतच ऐकलं. नाव न घेता डब्यातल्या मंगळसूत्राची गोष्ट सांगितलीस आणि एक म्हातारे सभासद चष्मा काढून पुसायला लागले. सरकारतर्फे एक नवखे उपमंत्री होते. विधेयक परत घ्या, सरकार विचार करील, असं ते म्हणाले. तू नाही म्हणालास. मग कलमांमागून कलमं मताला पडायला लागली. 'होय' म्हणणारे तुझ्या बाजूचे जोरात ओरडत होते, 'नाही' म्हणणारे चार, तेही एकमेकांकडे बघत. उपमंत्र्यांना काय करावं सुचत नव्हतं. मी पदराचं टोक दातात धरून बसले होते. आपलं पारडं जड होतं, अण्णा! जिंकत होतो!

आणि मी मोजलं. मुद्दाम नव्हे. पंगती वाढणारी बाई मी, डोकी दिसली की मोजली जातात. एकूण सभासदांच्या एक दशांश तरी हजर पाहिजेत, त्यालाच गणसंख्या म्हणतात, हे तूच शिकवलं होतंस. तेवढी डोकी नव्हती. वरून तर फारच स्वच्छ दिसत होतं. मी पटकन छताकडे पाहायला लागले आणि मनात म्हटलं, बनशंकरी, आता कुणाला अंक येऊ देऊ नकोस.

शेवटचा प्रश्न आला, विधेयक संमत करावं का. आणि तू उठलास. ते वयस्कर गृहस्थ हसले, त्यांना वाटलं आभार मानतोयस. तू म्हणालास, "हरकतीचा मुद्दा." ते म्हणाले, "आपल्याच विधेयकावर?" सगळे हसले. तू हसला नाहीस.

"सभागृहात गणसंख्या नाही."

एवढंच. आणि खाली बसलास.

मला वाटलं मी ओरडले. ओरडले नव्हते, कारण कुणी मला बाहेर काढलं नाही. घंटा वाजायला लागली. काय ती घंटा! सगळ्या इमारतीतून घुमत होती. माणसं येतील म्हणून वाट पाहिली, दोघे-तिघे आले, पण पुरेसे नाहीच. सभागृह तहकूब. ते चष्मा पुसणारे म्हातारे तुझ्याजवळून जाताना काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, पण त्यांचा चेहरा पाहिला. हातातोंडाशी आलेला घास तू ताटात परत ठेवला होतास, आणि ताट माझं होतं.

परतीच्या गाडीत पहिला दिवसभर मी तुझ्याशी बोलले नाही. नागपूर मागे पडल्यावर मला राहवेना. डब्यातली सगळी माणसं उठून बसतील एवढ्या आवाजात मी म्हटलं, "कुणी बोललं होतं का? सरकार गप्प होतं, अध्यक्ष गप्प होते. मीसुद्धा मोजलं होतं! मी बसले ना गप्प?"

तू म्हणालास, "तू गॅलरीत होतीस, कुसुम. गॅलरीतल्यांनी गप्पच बसायचं असतं. मी खाली होतो."

"पण कुणाचं काय बिघडत होतं? कोर्टात टिकला नसता म्हणतोस का कायदा?"

"टिकला असता. संसदेच्या आतल्या कामाची रीत चुकली म्हणून कोर्टाला त्यात हात घालता येत नाही."

"मग!"

"मग काय? बाहेरच्या कुणाला बघता येत नाही, म्हणूनच आतल्याने उठायचं असतं."

मी म्हटलं, "आग लागो तुझ्या रीतीला." शेजारी बसलेल्या एका मद्रासी आजीने, तिला काय समजलं देव जाणे, तिच्या डब्यातला एक लाडू काढून मला दिला. तो मी खाल्ला. तुला अर्धाही दिला नाही.

पुढच्या पाळीला, दोन आठवड्यांनी, तेच विधेयक पुन्हा आलं. या खेपेला सरकारी बाकं गच्च. पडलं. मी दिल्लीला गेले नव्हते, रेडिओवर ऐकलं. आमच्याच कारखान्यातलं वेटोळं असेल त्या रेडिओत. तू तारेने आईला कळवलंस, "विधेयक पडलं. रीतीने पडलं." आई म्हणाली, "ह्याला काय म्हणायचं, आनंद की दुःख?" पुढल्या शुक्रवारी वहिनी बनशंकरीला गेली नाही, एवढं मला आठवतं.

माधव अजून थांबायला तयार होता. मीच म्हटलं, पुरे. मी राजीनामा दिला.

शेवटच्या पाळीनंतर मी बाहेर आले तर फाटकापाशी तू उभा. अधिवेशन चालू होतं, तरी आला होतास. तोच करडा कोट. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. उत्तर आहे तुझ्याकडे, नियम आहे, पोटनियम आहे. तू माझ्या हातातला डबा घेतलास आणि बस येईपर्यंत धरून उभा राहिलास. मंत्र्यांना मध्येच थांबवणारा माणूस, आणि त्या दिवशी तुझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. मला तेव्हा तुझा राग होता, पण तो डबा तुझ्या हातातून परत घ्यावासा वाटेना. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

पुढच्या निवडणुकीत तू पडलास. तेही रीतीनेच पडलास, असं मी म्हटलं तेव्हा तू खूप वेळ हसलास. मग वकिली, आणि दर रविवारी सकाळी माझ्याकडे कॉफी. माधव पेपर घेऊन बाहेर जाऊन बसायचा, त्याला ठाऊक होतं आता काय होणार. मी सुरू करायची, "घरातल्या माणसाच्या पोटावर पाय देऊन कसली रे नीती?" तू म्हणायचास, "सरकारच्या विधेयकावर हरकत घेतली तेव्हा टाळ्या वाजवल्यास. नियम शेजाऱ्याला लावायचा आणि घरी आला की पाठ फिरवायची?" मी म्हणायची, "हो! फिरवायची!" तू म्हणायचास, "सरी, ठीक आहे, मग तसा नियम कर." कॉफी गार व्हायची. कुणीच जिंकायचं नाही.

काही वर्षांनी आमच्या कारखान्याने तो नियम काढून टाकला. युनियनने लावून धरलं होतं म्हणतात, वरून काही आलं म्हणतात. दुसऱ्या खेपेला भरल्या सभागृहात मंत्र्यांना तुझ्या मंगळसूत्राच्या गोष्टीला उत्तर द्यावं लागलं होतं, 'बघू' असं तोंडाने म्हणावं लागलं होतं, ते छापलं गेलं होतं. त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, तूही कधी म्हणाला नाहीस. मी एकदा सहज त्या फाटकावरून गेले. पाळी सुटली होती. पोरी बाहेर येत होत्या, गळ्यात मंगळसूत्रं, पायात जोडवी, एक तर चक्क सात महिन्यांची पोटुशी. दारातून येत होत्या, अण्णा. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत राहिले आणि मला तुझाच राग आला आणि तुझंच कौतुक वाटलं, दोन्ही एकदम, आणि मी तिथेच नाक शिंकरत रडले.

मंडळाची घटना तू लिहिलीस तीही त्याच काळात. कुलकर्ण्यांनी नेहमीचं कलम घातलं होतं, की गणसंख्या नसली तर सभा तहकूब करावी, अर्ध्या तासाने त्याच जागी भरवावी, मग गणसंख्येची अट नाही. सगळीकडे असतं. तू त्यावर काट मारलीस. "अर्ध्या तासात माणसं वाढत नाहीत, कुलकर्णी. फक्त लाज कमी होते." तहकूब झाली तर पुढच्या रविवारी, आणि तेव्हाही माणसं हवीतच. कुलकर्णी पुटपुटले, "ही काय लोकसभा आहे?" तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "अजून नाही."

आणि तुझा शेवटचा रविवार. छातीत दुखतंय असं तू वहिनीला सांगितलं होतंस, मला नाही. नेहमीसारखं मी सुरू केलं. तू कपाकडे बघत म्हणालास, "कुसुम, समज तू खाली असतीस. माझ्या जागी. तर?" मी म्हटलं, "मी बसून राहिले असते. गपचूप. मूग गिळून." तू म्हणालास, "बघू." एवढंच. टोपी घातलीस आणि गेलास. गुरुवारी तू नव्हतास.

तर परवाची सभा. त्याच संध्याकाळी मल्लेश्वरमला एका मोठ्या घरचं लग्न होतं, निम्मं मंडळ तिकडे जेवायला. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, तुझ्या फोटोला हार, आणि माणसं तुरळक. पुढच्या रांगेत वहिनी आणि मी. कुलकर्ण्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ठरावाचा कागद काढला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "अक्का, मांडून टाकतो. आपल्या अण्णांचाच तर आहे. इथे कोण मोजतंय?"

कोण मोजतंय!

मला शपथेवर सांगू दे, मी उठायचं ठरवलं नव्हतं. वहिनी शेजारी बसलीय, पांढऱ्या कपाळाने, तिच्यासाठी तरी हे नीट पार पडू दे असंच मनात होतं. कुलकर्णी वाचायला लागले, "ही सभा सर्वानुमते..." आणि माझे पाय उठले. मी उभी होते. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. गुडघे असे लटलटत होते की पुढची खुर्ची धरावी लागली. त्या शुक्रवारी तुझेही असेच लटलटत होते का रे? गॅलरीतून ते दिसलं नव्हतं मला. वरून फक्त डोकी दिसतात.

मी म्हटलं, "हरकतीचा मुद्दा. गणसंख्या नाही."

कुणीतरी "अहो, काय हे!" म्हणालं. कुलकर्ण्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ते म्हणाले, "अक्का, हा दुखवट्याचा ठराव आहे." मी म्हटलं, "म्हणूनच. ज्याचा आहे त्याला हा चालला असता का?" आरतीची घंटा होती, ती वाजवली. तिचा आवाज दिल्लीच्या घंटेसारखा नाही, पण रस्त्यापर्यंत जातो. सायकलवरून जाणारे एक सभासद आत आले, मागच्या अंगणात बॅडमिंटन खेळणारी दोन पोरं, नुकतीच सभासद झालेली, घाम पुसत आली. तरी पुरेना. कुलकर्णी म्हणाले, "तहकूब," आणि कागद घडी करून खिशात घातला.

मला वहिनीकडे बघायचा धीर होईना. म्हटलं, आता ही जन्मात माझं तोंड बघायची नाही. तिने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. म्हणाली, "वन्सं, मी मघाशीच मोजलं होतं. तुम्ही उठता की नाही, तेवढंच बघत होते." आणि हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आम्ही दोघी त्या रिकाम्या हॉलमध्ये बसून राहिलो आणि खुर्च्या आवरणारा माणूस आमच्याभोवतीच्या खुर्च्या तेवढ्या ठेवून बाकीच्या आवरत राहिला.

माफ केलं की नाही ते विचारू नकोस. माझी नोकरी गेली ती गेली, आणि अजूनही झोपेत बोटं तार चाचपतात. पण तू "बघू" म्हणाला होतास. बघितलंस ना?

आता सभा येत्या रविवारी. वहिनी आणि मी घरोघर फिरतोय. चामराजपेठ झालं, आज मल्लेश्वरम. लग्नाला गेलेल्या त्या निम्म्या मंडळाला मी दारात उभी राहून सांगतेय, की या, नाहीतर मी पुन्हा उठेन. येतील, घाबरून का होईना, येतील. पण आज बुधवार आहे. मंडळाच्या दफ्तरात तुझ्या जाण्याची अजून नोंद नाही. तिथे तू अजून सभासद आहेस, वर्गणी भरलेला. हा एवढा आठवडा मला तुझ्याच नियमाने मिळवून दिला, अण्णा, आणि मी तो जपून वापरतेय. सकाळी दोन कप कॉफी करते.

रविवारी हॉल भरेल. मी मोजेन. माणसं पुरेशी असतील, कुलकर्णी ठराव वाचतील, कुणाचीही हरकत नसेल, आणि मग मलाही ते मान्य करावं लागेल.

तुझी,
कुसुम